जुना धातूचा स्नेअर ड्रम : पारख आणि निवड

पितळ कोणते, ॲल्युमिनियम कोणते आणि मुलामा दिलेले पोलाद कोणते, हे सांगण्यासाठी भांडीबाजारात आयुष्य घालवलेल्या माणसाला फार वेळ लागत नाही. वस्तू हातात घेऊन तोलली, बोटाने एक टिचकी मारली की त्याचा निर्णय झालेला असतो. परंतु त्याच माणसाचा नातू मोबाइलवरील छायाचित्र पुढे धरून म्हणतो, "आजोबा, हा १९६३ सालचा लडविग आहे, पितळी शेलचा. मालक लगेच पैसे मागतो आहे," तेव्हा हा अनुभवी पारखी गप्प होतो. वाद्यातले आपल्याला काय कळते, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः ही समजूत अनाठायी आहे. जुन्या धातूच्या स्नेअर ड्रमची निम्मी परीक्षा ही धातूचीच परीक्षा आहे आणि उरलेल्या निम्म्यापैकी बरीचशी विक्रेत्याच्या बोलण्याची.

अलीकडे आपल्या कुटुंबांतील अनेक मुले-मुली ड्रम शिकू लागली आहेत. काही वर्षे नव्या साध्या संचावर हात बसला की त्यांना जुन्या अमेरिकन स्नेअरचे वेध लागतात. त्यासाठी मागितली जाणारी रक्कम लहान नसते आणि ती बहुधा घरातील ज्येष्ठांच्या खिशातून जाते. म्हणून हा लेख वाजवणाऱ्यांइतकाच पैसे मोजणाऱ्यांसाठीही आहे.

स्नेअर म्हणजे संचातील तो उथळ ड्रम, जो वादकाच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये असतो. मिरवणुकीतील बँडमध्ये खांद्यावरील पट्ट्याला अडकवलेला जो साइड ड्रम आपण सर्वांनी पाहिला आहे, त्याचाच हा बैठा भाऊ. याच्या खालच्या पडद्याला बारीक वळणदार तारांचा एक पट्टा चिकटून असतो. वरच्या पडद्यावर काठी पडली की खालच्या तारा थरथरतात आणि तो परिचित, करकरीत आवाज उमटतो. मधला गोल सांगाडा म्हणजे शेल. पडदे ताणून धरणाऱ्या वरच्या-खालच्या कड्या म्हणजे रिम. रिममधून जाणारे स्क्रू ज्या धातूच्या घडणीत बसतात त्यांना लग म्हणतात. तारांचा पट्टा एका खटक्याने लावता-सोडता येतो, त्या खटक्याच्या यंत्रणेला स्ट्रेनर म्हणतात. एवढे शब्द ठाऊक असले की कोणत्याही विक्रेत्याशी बोलता येते.

जुन्या धातूच्या स्नेअरची कथा प्रामुख्याने शिकागो शहराची आहे. विल्यम लडविग आणि त्यांचे बंधू थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये तेथे लडविग अँड लडविग ही कंपनी स्थापन केली. १९२० च्या दशकात या कंपनीने पितळी शेलवर काळ्या निकेलचा मुलामा देऊन, तो हाताने कोरून खालचे पिवळे पितळ वेलबुट्टीच्या रूपाने उघडे करण्याची पद्धत वापरली. या ड्रमला पुढे 'ब्लॅक ब्यूटी' हे नाव रूढ झाले. मंदीच्या तोंडावर लडविग बंधूंनी व्यवसाय कॉन या मोठ्या वाद्य-कंपनीला विकला. विल्यम लडविग यांनी १९३७ मध्ये स्वतःच्या आद्याक्षरांनी, डब्ल्यू.एफ.एल. या नावाने पुन्हा कारखाना उभारला आणि १९५५ मध्ये आपले मूळ नाव परत विकत घेतले. स्वतःच्याच आडनावासाठी पैसे मोजणाऱ्या या गृहस्थाचे चरित्र व्यापारी वाचकांना ड्रमपेक्षाही अधिक रुचेल!

आज बाजारात ज्याची सर्वाधिक देवघेव होते तो 'सुप्राफोनिक' हा ड्रम याच कारखान्याचा. पाच इंच उंचीचा नमुना ४०० क्रमांकाचा आणि साडेसहा इंची नमुना ४०२ क्रमांकाचा. व्यास दोघांचाही चौदा इंच, लग दहा, आणि शेलच्या मध्यावर सभोवार एक उठावदार कणा. १९६० च्या सुमारास तो आला तेव्हा त्याचे शेल पितळेचे होते व वर क्रोमचा मुलामा होता. काही वर्षांतच, १९६३-६४ च्या आसपास, पितळेऐवजी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आला. बाहेरून पाहता फरक नाही. तेच क्रोम, तेच लग, तोच कणा. खरेदीविक्रीतील बहुतेक गोंधळ आणि काही लबाडीही या एका बदलातून जन्मते, कारण पितळी शेलचे नमुने थोडे आहेत आणि त्यांना किंमत बरीच अधिक येते.

१९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झळकले आणि रिंगो स्टार यांच्या मोठ्या ड्रमवरील 'लडविग' ही अक्षरे घराघरांत पोहोचली. मागणी इतकी वाढली की कारखाना अहोरात्र चालवावा लागला. खरेदीदाराने यातून एक साधा निष्कर्ष काढावा. साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढचा ॲल्युमिनियमचा सुप्राफोनिक दुर्मीळ नाही. तो हजारोंच्या संख्येने बनला आहे. "पुन्हा मिळणार नाही" असे कोणी म्हणाले तर हसून दुसरा पाहावा.

धातूची परीक्षा

पहिले साधन लोहचुंबक. तो शेलच्या मध्यभागी लावावा, रिमजवळ नव्हे. रिम पुष्कळदा पोलादाची असते आणि ती चुंबकाला ओढून घेते. चुंबक घट्ट चिकटला तर शेल पोलादाचे आहे, आणि मग पितळाच्या सर्व गोष्टी तेथेच संपल्या. चिकटला नाही तर पितळ, ॲल्युमिनियम किंवा क्वचित तांबे वा कांस्य. येथे एक बारकावा आहे. क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो आणि निकेल स्वतः चुंबकाला किंचित दाद देते. त्यामुळे अगदी पुसट ओढ जाणवली तर घाईने पोलाद असा निर्णय देऊ नये.

दुसरे साधन वजन. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पितळाची सुमारे ८.५, म्हणजे तिपटीहून जास्त. चौदा इंच व्यासाच्या, पाच इंच उंचीच्या शेलची जाडी एक मिलिमीटर धरली तर धातूचे आकारमान साधारण १४२ घनसेंटिमीटर होते. ॲल्युमिनियमचे हे शेल सुमारे ३८० ग्रॅम भरेल आणि पितळाचे १२०० ग्रॅमच्या आसपास. लग, रिम व स्ट्रेनर सारखेच असल्याने संपूर्ण ड्रमच्या वजनातही पाऊण किलोहून अधिक फरक उरतोच. दुकानातील काट्यावर दोन ड्रम शेजारी ठेवा, वाद मिटतो. परगावच्या विक्रेत्याला काट्यावर ठेवलेल्या ड्रमचे छायाचित्र मागण्यात संकोच कसला? प्रामाणिक मनुष्य ते आनंदाने पाठवतो.

तिसरे साधन म्हणजे मुलाम्याचे दोष. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरून राहत नाही. काही वर्षांनी त्यावर बारीक पुरळ उठते, पापुद्रे सुटतात आणि आत करडी-पांढरी भुकटी दिसते. सुप्राफोनिकला हा रोग इतका सर्वसाधारण आहे की तो दिसला म्हणजे शेल ॲल्युमिनियमचे, अशी ओळखच पटते. समुद्रकाठच्या दमट हवेत तो अधिक लवकर वाढतो. मुंबई-गोव्यातील ड्रम पाहताना हे लक्षात घ्यावे. पितळावरील क्रोम झिजले तर खाली पिवळी झाक दिसते. शेलची आतली बाजूही पुष्कळदा मुलामा दिलेली असते, म्हणून आत डोकावून लगेच समाधान मानू नये. एखादा लग सोडवून त्याखालील भोकाची कड पाहावी. तेथे मूळ धातूचा रंग बहुधा दिसतो.

पुरळ आलेला ड्रम टाकाऊ असतो काय? मुळीच नाही. ते डाग आवाजाचे फारसे काही बिघडवत नाहीत, केवळ किंमत खाली आणतात. वाजवण्यासाठी घेणाऱ्याने असा डागाळलेला, पण गोल आणि सरळ असलेला ड्रम आनंदाने घ्यावा. कपाटात ठेवण्यासाठी घेणाऱ्याचा हिशेब निराळा.

पुण्यातील आमच्या नात्यातल्या एका तरुणाकडे असा प्रसंग घडला. विक्रेत्याने ड्रम पितळी म्हणून सांगितला होता आणि किंमतही त्याच हिशेबाने मागितली होती. तरुणाच्या आजोबांचा व्यवसाय भांड्यांचा. त्यांनी ड्रम दोन हातांनी उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, हे पितळ नाही. तुम्हालाही कोणी तरी पितळ म्हणूनच दिलेले दिसते." विक्रेत्याने खरोखरच तो तसाच घेतला होता. आजोबांनी ॲल्युमिनियमच्या ड्रमची योग्य किंमत देऊ केली. त्याला ती परवडली नाही आणि सौदा झाला नाही. दोघे चहा पिऊन वेगळे झाले. ज्या सौद्यात समोरचा मनुष्यही फसलेला असतो, तेथे आवाज चढवण्याने काही साधत नाही, असे आजोबांचे मत पडले आणि मलाही ते पटते.

बॅज आणि वर्ष

ड्रमच्या कुशीवर हवेचे एक छिद्र असते. त्या छिद्राच्या पोकळ कडीने कंपनीचा धातूचा बॅज बसवलेला असतो. साठच्या दशकातील लडविगचा बॅज कमानीच्या माथ्यावरील दगडासारखा, वर रुंद व खाली निमुळता असतो. जाणकार त्याला 'कीस्टोन' म्हणतात. आरंभीच्या अशा बॅजवर अनुक्रमांक नसे, १९६३ च्या अखेरीच्या सुमारास तो येऊ लागला. १९६९ च्या आसपास निळ्या आणि ऑलिव्ह रंगांचा, लांबट चौकटीचा बॅज आला. १९८० च्या दशकात उत्पादन शिकागोहून नॉर्थ कॅरोलायनातील मन्रो येथे गेले. तेथील बॅजवर ते गाव दिसते.

परंतु बॅजवरून वर्ष ठरवताना संयम हवा. कारखान्यात हे बॅज खोक्यात भरून ठेवलेले असत आणि कामगाराच्या हाती जो येई तो लागे. त्यामुळे अनुक्रमांक काटेकोर क्रमाने ड्रमवर गेलेले नाहीत. आकड्यावरून "साधारण अमुक वर्षे" एवढेच म्हणता येते. महिना सांगणारा विक्रेता आपल्या उत्साहाने बोलत असतो. लाकडी ड्रमच्या आत काही वर्षे तारखेचा शिक्का मारलेला सापडतो, धातूच्या ड्रमला ते सुखही नाही. शिवाय बॅज काढून दुसऱ्या शेलवर बसवता येतो. कडीभोवती ओरखडे, कडी नवी चकचकीत पण बॅज मात्र जुना, असे दिसले तर प्रश्न विचारावा. बॅज, लग, स्ट्रेनर आणि रिम हे चौघे साक्षीदार आहेत. त्यांनी एकाच काळाची साक्ष दिली तरच ती मानावी.

लडविगखेरीज तीन नावे तरी ठाऊक असावीत. स्लिंगरलँड ही शिकागोचीच कंपनी, पुढे इलिनॉयमधील नाइल्स येथे गेलेली. बॅजवरील गावाच्या नावावरून ड्रम आधीचा की नंतरचा हे कळते. तिचे क्रोम दिलेले पितळी स्नेअर लडविगच्या पितळी नमुन्यांपेक्षा पुष्कळदा स्वस्तात मिळतात आणि माझ्या मते ती बाजारातील आजची सर्वांत शहाणी खरेदी आहे. ओहायोच्या कोव्हिंग्टन येथील रॉजर्स कंपनीचा 'डायनासॉनिक' हाही पितळी. त्यात तारा एका स्वतंत्र चौकटीत ताणलेल्या असतात. ही चौकट हरवली असेल तर तो ड्रम अर्धाच समजावा. त्याच्या आरंभीच्या काळातील लग नाजूक होते व तडकत. पुढे आलेले 'बीव्हरटेल' आकाराचे लग टिकाऊ ठरले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ग्रेट्श कंपनीचाही क्रोम-पितळी स्नेअर आहे, आठ लगांचा.

आणि लडविगचाच 'ॲक्रोलाइट'. हा विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त नमुना. शेल सुप्राफोनिकसारखेच ॲल्युमिनियमचे, पण क्रोमऐवजी ॲनोडाइज केलेले करडे अंग आणि दहाऐवजी आठ लग. क्रोमच नसल्याने पापुद्रे सुटण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतील असंख्य शाळांच्या बँडखोल्यांतून हे ड्रम बाहेर पडले आहेत. मुलाचा पहिला जुना स्नेअर म्हणून मी डोळे मिटून याचीच शिफारस करीन. नावाचा झगमगाट कमी आहे, एवढेच.

आपल्याकडे प्रत्यक्षात हाती येणारे जुने ड्रम मात्र नेहमी अमेरिकन असतातच असे नाही. सत्तरच्या दशकातील जपानी पोलादी स्नेअर, कधी प्रसिद्ध नावाचे, कधी भलत्याच नावाचा बॅज लावलेले, चोर बाजारापासून जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यापर्यंत कोठेही सापडू शकतात. त्यांचा आवाज तीक्ष्ण आणि झणझणीत असतो. योग्य किमतीत मिळाले तर त्यांत कमीपणा नाही. फक्त त्यांना अमेरिकन पितळ म्हणून विकत घेऊ नये.

पडदा कशाचा?

आपल्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा आजीच विचारील आणि तो रास्त आहे. १९५० च्या दशकापर्यंत ड्रमचे पडदे वासराच्या कातड्याचे असत. खालच्या तारांच्या जागी अनेक जुन्या ड्रमांत जनावरांच्या आतड्याची तात वापरलेली असे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याचे पडदे बाजारात आणले आणि अल्पावधीत कातडे मागे पडले. पावसाळ्यात कातडे सैल पडते, उन्हात ताणते; वादकांनी नवा पडदा स्वीकारला तो मुख्यतः या त्रासातून सुटण्यासाठी. कारण कोणतेही असो, आज चौदा इंची प्लास्टिकचा पडदा आणि पोलादी तारांचा पट्टा कोणत्याही वाद्यांच्या दुकानात मिळतो.

तेव्हा १९५७ पूर्वीचा ड्रम घेताना विक्रेत्याला स्पष्ट विचारावे : वरचा-खालचा पडदा कशाचा आहे, तारा धातूच्या आहेत की तात आहे? मूळ कातडी पडदा असला तर संग्राहक त्यासाठी उलट अधिक किंमत लावतो. आपल्याला तो नको असेल तर तो वगळून किंमत सांगण्याची विनंती करावी. अनेक विक्रेते तो स्वतःकडे ठेवून घेण्यास राजी असतात. एक तांत्रिक अडचण मात्र येथे आहे. कातड्याच्या काळातील काही शेल चौदा इंचांहून किंचित मोठी आहेत आणि आजचा प्लास्टिकचा पडदा त्यांवर फार घट्ट बसतो, क्वचित बसतच नाही. म्हणून असा ड्रम घेण्यापूर्वी त्यावर नवा पडदा चढवून पाहावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ड्रमांत ही काळजी सहसा उरत नाही, आणि माझ्या मते आपल्या घरांसाठी तेच अधिक सोयीचे.

ड्रम समोर आल्यावर दोन्ही पडदे काढण्याचा आग्रह धरावा. पडदे न काढता ड्रम विकणारा मनुष्य एक तर आळशी असतो किंवा त्याच्याकडे लपवण्यासारखे काही असते. शेल काचेच्या सपाट टेबलावर उपडे ठेवून कडेखालून प्रकाश येतो का ते पाहावे. खालच्या कडेला, स्ट्रेनरच्या बाजूस आणि त्याच्या समोर, दोन उथळ उतार असतात. तारा पडद्याला चिकटून राहाव्यात म्हणून ते मुद्दाम केलेले असतात, त्यांना दोष समजू नये. त्यांखेरीज कोठेही फट दिसली तर कड वाकली आहे. मग मोजपट्टीने चार-पाच दिशांनी व्यास मोजावा. ड्रम कधी काळी पडला असेल तर तो अंडाकृती झालेला असतो आणि असे शेल मनासारखे सुरात येत नाही. पोचे, जोडाजवळची चीर, नंतर पाडलेली जादा भोके हे सर्व आत बॅटरीचा उजेड टाकला की दिसते. जादा भोक आवाज बिघडवीलच असे नाही. किंमत मात्र त्याने निश्चित उतरावी.

प्रत्येक स्क्रू बोटांनी फिरवून पाहावा. अडखळत असेल तर लगच्या आतील आटे झिजले आहेत. बहुतेक अमेरिकन ड्रमचे आटे १२-२४ या मापाचे असल्याने बदली स्क्रू मिळतात. युरोपीय ड्रमचे आटे निराळे असतात आणि तेथे शोधाशोध करावी लागते. स्ट्रेनरचा खटका दहा वेळा लावून-सोडून पाहावा. लडविगच्या 'सुपर सेन्सिटिव्ह' नमुन्यात तारा दोन्ही बाजूंनी स्वतंत्र ताणण्याची गुंतागुंतीची योजना आहे. तिचा एखादा लहान भाग हरवला तर तो मिळवण्यात ड्रमइतकाच खर्च होऊ शकतो. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

शेवटी वाजवून घ्यावा आणि तोही मुलाकडून, दुकानदाराकडून नव्हे. पितळाचा आवाज भरीव व उबदार, ॲल्युमिनियमचा कोरडा व नेमका, पोलादाचा उजळ आणि बराच वेळ घुमणारा, असे ढोबळ वर्णन करता येते. परंतु पडदा, ताण आणि हात यांनी ते पुष्कळ बदलते. लेड झेपलिनचे जॉन बॉनहॅम यांनी साडेसहा इंची ॲल्युमिनियमच्या सुप्राफोनिकवरच आपला तो अजस्र आवाज काढला. पितळ श्रेष्ठ आणि ॲल्युमिनियम हलके, हा भांडीबाजारातील नियम येथे चालत नाही. पितळी ड्रम महाग आहे तो दुर्मीळ म्हणून.

परदेशातून मागवायचा असेल तर सांगितलेल्या किमतीत टपाल, विमा, आयातशुल्क व कर मिळवून घरपोच पडणारा आकडा आधी कस्टम्सच्या दलालाकडून काढून घ्यावा, मगच होकार द्यावा. विक्रेत्याकडून पडदे काढलेल्या शेलची आतली-बाहेरची छायाचित्रे, मोजपट्टी लावलेले एक आणि काट्यावरचे एक, एवढी मागवून जपून ठेवावीत. 'पितळी शेल' हे शब्द त्याच्याकडून लेखी घ्यावेत.

ड्रम घरी आल्यावर मात्र उत्साहाच्या भरात कोणी तो चिंच आणि मिठाने घासू नये! देवघरातील समई त्याने उजळते. काळे निकेल, लॅकर आणि झिजलेले क्रोम त्याने कायमचे बिघडते. मऊ कोरडे कापड, स्क्रूंना थेंबभर तेल, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे. आणि सोसायटीतील शेजाऱ्यांसाठी रबराचा सरावाचा पॅड त्याच दिवशी घेऊन ठेवावा; तो ड्रमच्या मानाने अगदी स्वस्त पडतो.